इनडायरेक्ट टाकी किती गॅलनची? माणसं मोजू नका, टब मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टबरोला जुनं कलोनियल घर घेतलंय. बेसमेंटमध्ये तेलावर चालणारा बॉयलर आहे आणि नळाचं गरम पाणीही त्याच्याच पोटातल्या कॉइलमधून येतं. रस्त्यावर गॅसची लाइन आहे, म्हणून आता बॉयलर बदलायचाय. कोटेशन आलंय ते भिंतीवर बसणाऱ्या, तासाला १,१०,००० बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णतेचं अमेरिकन माप) कंडेन्सिंग, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरचं आणि त्याला जोडलेल्या इनडायरेक्ट टाकीचं, म्हणजे बॉयलरच्या उष्णतेवर नळाचं पाणी तापवून साठवणाऱ्या टाकीचं. घरात नवरा-बायको आणि दोन मुलं, त्यातली मोठी मुलगी पंधरा वर्षांची. नाशिकहून आई-बाबा दर वर्षी मे ते ऑक्टोबर येतात. अडीच बाथरूम, मास्टर बाथमध्ये मोठा सोकिंग टब. एक काँट्रॅक्टर म्हणतो ३० गॅलन पुष्कळ झाले, दुसरा म्हणतो सहा माणसं म्हणजे ८० च्या खाली नको. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही नको. ५० च्या आसपासची घ्या. पण का, ते समजून घ्या, म्हणजे उद्या तिसरा कोणी ११९ घेऊन आला तरी तुम्ही डगमगणार नाही.

नाशिकच्या घरी बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर असेल. त्यात दोन किलोवॅटचं एलिमेंट, म्हणजे अमेरिकन भाषेत तासाला सुमारे ६,८०० बीटीयू. त्या गीझरमध्ये जाळ आणि पाणी एकाच भांड्यात. जुन्या तांब्याच्या बंबाचंही तेच, मधल्या नळकांड्यात निखारे आणि भोवती पाणी. इनडायरेक्ट टाकीला स्वतःचा जाळ नसतो. ती दूध तापवायच्या कुकरसारखी असते. आच लागते ती दोन भिंतींमधल्या पाण्याला, आणि त्या पाण्यामुळे दूध तापतं. इथे टाकीच्या आत एक कॉइल असते, बॉयलरचं पाणी त्या कॉइलमधून फिरतं आणि बाहेरच्या अंगाला नळाचं पाणी गरम होतं. दोन्ही पाणी एकमेकांत कधी मिसळत नाही. बॉयलरच्या दृष्टीने ही टाकी म्हणजे घरातला आणखी एक झोन, म्हणजे उष्णता मागणारा वेगळा भाग, बेसबोर्डच्या (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटरच्या) झोनसारखाच.

याचा अर्थ, टाकीच्या मागे उभा असतो तो अख्खा बॉयलर. तुमचा १,१०,००० चा बॉयलर प्रत्यक्षात साधारण १,००,००० बीटीयू पाण्यात उतरवेल. म्हणजे जवळजवळ पंधरा गीझर एकदम चालू. दुकानात मिळणाऱ्या साध्या ४० गॅलनच्या गॅस हीटरखाली ४०,००० च्या आसपासचा बर्नर असतो. ‘चार माणसांना ५०, सहा माणसांना ८०’ हा ठोकताळा त्या हीटरसाठी आहे. तिथे जाळ बारीक, म्हणून साठा मोठा. दुसऱ्या काँट्रॅक्टरने तोच ठोकताळा उचलून इनडायरेक्टला लावला. मी त्याला फसवणूक म्हणणार नाही, पण हिशोब केला नाही एवढं नक्की.

हिशोब अवघड नाही. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला एक बीटीयू लागतो. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३३ पौंड. फेब्रुवारीत आपल्याकडे नळाला येणारं पाणी ४० अंशांच्या (इथले सगळे अंश फॅरनहाइट) आसपास असतं, कधी त्याहूनही गार. टाकीत ते १४० ला ठेवायचं म्हटलं तर १०० अंशांची उडी, म्हणजे गॅलनला ८३३ बीटीयू. तुमचा बॉयलर तासाला १,००,००० देतो, तेव्हा तासाला १२० गॅलन, मिनिटाला दोन. हा ‘मिनिटाला दोन’ लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

आता शॉवर. अंगावर घ्यायचं पाणी १०५ अंश. १४० चं गरम आणि ४० चं गार मिसळून १०५ करायचं तर शंभरातले ६५ भाग गरम लागतं. शॉवर मिनिटाला दोन गॅलनचा असेल तर टाकीतून जातात १.३ गॅलन. एक शॉवर चालू असेल तर बॉयलर मागून दोन भरतोय आणि पुढून १.३ जातायत. तुमची मुलगी केस धुवत तासभर उभी राहिली तरी टाकी आटणार नाही. दोन शॉवर एकदम चालू झाले तर २.६ जातात, दोन येतात, मिनिटाला फक्त ०.६ ची तूट. तेवढी तूट छोटी टाकीसुद्धा अर्धा तास सहज सोसते. पहिला काँट्रॅक्टर इथवर बरोबर होता.

तो चुकला टबात.

तुमचा टब मी पाहिलेला नाही, पण त्या मापाच्या सोकिंग टबात ६५ गॅलन धरू. १०५ अंशांनी भरायचा म्हणजे ४२ गॅलन टाकीतलं आणि २३ गार. नळ मिनिटाला सहा गॅलन सोडत असेल तर अकरा मिनिटांत टब भरतो. या अकरातली पहिली तीन मिनिटं वाया जातात. टाकीतल्या सेन्सरला गारवा कळणार, पंप सुरू होणार, बॉयलर पेटून त्याचं स्वतःचं पाणी तापणार, मग कुठे कॉइलमध्ये दम येणार. उरली आठ मिनिटं, त्यात बॉयलर सोळा गॅलन भरून देतो. बाकीचं टाकीत आधीपासून असायला हवं. आणि टाकीतलं सगळं पाणी कामाचं नसतं. खालून गार पाणी शिरत असतं, त्यामुळे तीन चतुर्थांश पाणी नीट गरम मिळालं की समाधान मानायचं.

३० ची टाकी: बावीस आणि सोळा, अडतीस. शेवटचं पाणी कोमट. ४० ची: तीस आणि सोळा, सेहेचाळीस. जेमतेम निभावतं, पण त्याच वेळी खाली कोणी भांडी घासायला घेतली की रडारड. ५० ची: सदतीस आणि सोळा, त्रेपन्न. टब भरून अकरा गॅलन शिल्लक, म्हणजे तेवढ्यात कोणी दुसऱ्या बाथरूममध्ये आठ मिनिटं शॉवर घेतला तरी चालेल. ८० ची: साठ आणि सोळा, शहात्तर. चौतीस गॅलन कोणाची वाट बघत बसणार?

म्हणून मी माणसं मोजत नाही. लांबत जाणारी गरज, म्हणजे शॉवर, ती बॉयलर भागवतो. एका झटक्यात ओढली जाणारी गरज, म्हणजे टब, ती टाकी. घरात मोठा टब नसता तर मी तुम्हाला डोळे झाकून ४० सांगितली असती, माणसं सहा असोत की आठ.

आई-बाबांची काळजी तर अजिबात करू नका. ते येतात मे ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात नळाचं पाणी ६० अंशांच्या पुढे येतं, त्यामुळे शॉवरला गरम पाण्याचा वाटा ६५ वरून ५६ टक्क्यांवर येतो. शिवाय हीटिंग बंद, बॉयलरला दुसरा उद्योग नाही. तुमच्या घराचा सगळ्यात कठीण दिवस जुलैतल्या सहा माणसांचा नसतो, फेब्रुवारीतल्या चार माणसांचा असतो. आणि बाबा पहाटे साडेपाचला बादलीने आंघोळ करत असतील (माझे करायचे, इथे आल्यावर पहिल्या दिवशी बादली आणि तांब्या आणायला पाठवलं होतं मला) तर वीस लिटरची दीड बादली म्हणजे आठ गॅलन. लेकीचा वीस मिनिटांचा शॉवर म्हणजे चाळीस. घरात पाहुणा कोण आणि पाणी कोणाला लागतं, याचा हिशोब आपण नेहमी उलटा करतो.

मात्र बाबांना पाणी कडकडीत लागत असेल, तर एक गोष्ट टाळू नका. टाकी १४० ला ठेवायची ती दोन कारणांनी. ७७ ते ११३ अंशांच्या पट्ट्यात लेजिओनेला हा जिवाणू फोफावतो, म्हणून साठवलेलं पाणी कोमट ठेवायचं नाही. शिवाय पाणी जितकं तापलेलं, तितकी टाकी मोठी असल्यासारखी वागते, कारण आपण त्यात गार मिसळणारच आहोत. पण १४० चं पाणी थेट नळाला आलं तर चार-पाच सेकंदांत कातडी भाजते, आणि म्हाताऱ्यांची व लहान मुलांची त्याहून लवकर. म्हणून टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, एएसएसई १०१७ या मानकाचा, १२० वर लावलेला. आजी घंगाळ्यातल्या पाण्यात विसण घालून हात बुडवून बघायची ना, तेच काम हा व्हॉल्व्ह करतो. कोटेशनमध्ये तो नसेल तर लिहून मागा. तो नसताना टाकी १२० ला ठेवून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. तशी टाकी चालवलीत तर वर केलेला सगळा हिशोब बिघडतो, कारण मग शॉवरला ६५ च्या जागी ८१ टक्के गरम पाणी लागतं.

आता फ्रेमिंगहॅमचं एक घर सांगतो, कारण टाकी छोटी पडतेय अशा दहा तक्रारींतल्या निदान सहा अशाच निघतात. जानेवारी, बाहेर बर्फ. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बसवलेली ४० गॅलनची चांगली स्टेनलेस टाकी, बॉयलर तुमच्याएवढाच. तक्रार अशी की दुसऱ्या शॉवरला पाणी गार येतं. बाईंनी ८० च्या टाकीचं कोटेशन आधीच मागवलेलं होतं, माझ्याकडून फक्त दुसरं मत हवं होतं. मी त्यांना वरचे दोन्ही शॉवर सोडायला सांगितले आणि बेसमेंटमध्ये स्टूल घेऊन बसलो. बॉयलर पेटला. दोन मिनिटांत पाणी १८० च्या वर गेलं आणि तो स्वतःच विझला. थोड्या वेळाने परत पेटला, परत विझला. टाकी थंड होत चाललेली आणि बॉयलर म्हणतोय मला काम नाही!

टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर हात ठेवला, ठेववेना. परतीच्या पाइपवर ठेवला, आरामात राहिला. जाताना आणि येताना पन्नास अंशांचा फरक. इथेच चोर सापडला. बसवणाऱ्याने बेसबोर्डच्या लाइनमधून पाऊण इंची फाटा काढून टाकीला जोडला होता आणि पंप सगळ्यात कमी वेगावर ठेवला होता. कॉइलमधून मिनिटाला जेमतेम दोन गॅलन पाणी फिरत होतं. बॉयलर आणि टाकीच्या लाइनचा नेहमीचा हिशोब असा की जाता-येता वीस अंशांचा फरक धरला तर मिनिटाला एक गॅलन पाणी तासाला १०,००० बीटीयू वाहून नेतं. १,००,००० न्यायचे तर दहा गॅलन फिरायला हवेत. पाऊण इंची तांब्याच्या पाइपमधून चार-पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. तिथे बॉयलर १,००,००० तयार करत होता आणि टाकीत पन्नास हजार पोचत होते. ८० ची टाकी बसवली असती तर पाणी वीसेक मिनिटं उशिरा गार झालं असतं आणि नंतर तापायला दुप्पट वेळ लागला असता. आम्ही बॉयलरपासून टाकीपर्यंत स्वतंत्र लाइन टाकली, जाडी वाढवली, पंप बदलला, कॉइलमधली हवा काढली. ४० ची टाकी अजून तिथेच आहे.

म्हणून गॅलन किती हा प्रश्न काँट्रॅक्टरला दुसरा विचारा. पहिला विचारा की टाकीला जाणारा पाइप किती इंची आणि पंप कोणता. ‘पाऊण इंच चालतो’ असं उत्तर आलं तर टाकीच्या माहितीपत्रकात लिहिलेला प्रवाह त्याच्यासमोर ठेवा. तुमच्या बॉयलरला सव्वा इंची धरा, अंतर अगदी कमी असेल आणि पंप दमदार असेल तर एक इंचीवर भागतं.

त्या माहितीपत्रकाबद्दलही बोलायलाच हवं. ४० गॅलनच्या टाकीवर पहिल्या तासाला दोनशेच्या आसपास गॅलन असा भपकेबाज आकडा छापलेला दिसेल. खोटा नसतो. पण खाली बारीक अक्षरांत अट असते: बॉयलरचं पाणी १८० अंशांनी, ठराविक प्रवाहाने, आणि नळाचं पाणी बहुतेक वेळा फक्त ७७ अंशांनी तापवायचं. आपल्याला फेब्रुवारीत शंभर अंश तापवायचंय. त्या ७७ मध्ये आणि आपल्या शंभरात पाव भाग पाणी कमी होतं. शिवाय कॉइल जेवढी उष्णता घेऊ शकते तेवढी देणारा बॉयलर घरात असेलच असं नाही. बॉयलर, कॉइल आणि पंप या तिघांत जो सगळ्यात लहान, तोच खरा आकडा.

मग ८० घेतली तर बिघडलं काय? खरं सांगायचं तर फार नाही. चांगल्या टाकीचं इन्सुलेशन जाड असतं, तासाला अर्धा अंश फॅरनहाइटसुद्धा उतरत नाही. पण किंमत जास्त, नुसत्या पाण्याचं वजन साडेसहाशे पौंडांवर, बेसमेंटच्या जिन्यातून उतरवताना दोन माणसांचा घाम, आणि वापर कमी असेल त्या दिवसांत पाणी उगाच पडून राहतं. ३० ची टाकी मात्र टबाशिवायही मी या बॉयलरला लावणार नाही. सेन्सर दहा अंश उतरल्यावर बॉयलरला हाक मारतो. तीस गॅलन पाणी दहा अंश तापवायला अडीच हजार बीटीयू लागतात, आणि पूर्ण ताकदीचा बॉयलर ते दीड मिनिटात संपवतो. हात धुतले की पेटला, दीड मिनिटात विझला, दिवसभर हेच. बॉयलर आच कमी करून चालतो हे मान्य, पण सतत पेटण्या-विझण्याने कुठलंही यंत्र थकतं.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. घराच्या हीटिंगला १,१०,००० लागतात का? मॅन्युअल जे या, घराला किती उष्णता लागते ते मोजायच्या पद्धतीने हिशोब करून घ्या. तुमच्या मापाच्या घराचं इन्सुलेशन बरं असेल तर बाहेर १० अंश फॅरनहाइट असतानाही ५०,००० च्या आसपास निघण्याची शक्यता आहे. मग ८०,००० चा बॉयलर घ्या. तो मिनिटाला दीड गॅलन तापवेल. टबाचा तोच हिशोब: सदतीस आणि बारा, एकोणपन्नास, लागतात बेचाळीस. तरी जमलं! दोन शॉवर एकदम अर्धा तास चालतील. टाकीत साठा आहे म्हणून बॉयलर लहान घेता येतो, हाच तर इनडायरेक्टचा खरा फायदा. टाकी नसलेला कॉम्बी बॉयलर घेतलात तर गरम पाण्यापायी १,९९,००० चा घ्यावा लागतो, आणि एप्रिलच्या थंडीत त्याला कमीत कमी आचेवरसुद्धा काम पुरत नाही.

टाकी तापत असताना हीटिंग थांबतं याची भीती वाटत असेल, तर कंट्रोलमध्ये गरम पाण्याला प्रायॉरिटी द्यायची ती तशीच. टब भरताना बॉयलर पेटल्यापासून टाकी पूर्ववत व्हायला मोठ्या बॉयलरला वीस-एकवीस मिनिटं, लहानाला अर्धा तास. तेवढ्यात घराचा थर्मोस्टॅट हलला तर अंशभर हलेल.

राहिलेलं झटपट. स्टेनलेस घेतलीत तर अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) बघत बसावं लागत नाही, काच-लेपाची घेतलीत तर दर काही वर्षांनी रॉड तपासा. मीटरपाशी चेक व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) असेल तर पिण्याच्या पाण्याच्या बाजूला वेगळी एक्स्पान्शन टाकी, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी लागते. बॉयलरची आहे ती इथे चालत नाही. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम परवानाधारक प्लंबरनेच, परमिट काढून करायचं असतं, घरमालकाला स्वतः करता येत नाही. तेव्हा भावजी कितीही हौशी असले तरी त्यांना चहा द्या आणि वर बसवा.

ऑर्डर देण्याआधी येत्या शनिवारी दोन मोजमापं घ्या. दुधाचा गॅलनचा रिकामा कॅन शॉवरखाली धरा, तीस सेकंदांत भरला तर शॉवर दोनचा, पंचवीसच्या आत भरला तर अडीचचा. मग घरातले बाकी नळ बंद ठेवून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, तुम्ही जेवढा भरता तेवढा टब भरा, परत आकडा लिहा. मीटर घनफुटांत असेल तर फरकाला साडेसातने गुणा. उत्तर सत्तरच्या आत आलं तर ५० ची टाकी मागवा. ऐंशीच्या पुढे गेलं तर ६० बघू, आणि टब खरोखर आठवड्यातून किती वेळा भरता तेही सांगा.